तांडेलांचा दिग्विजय आणि दह्यातला मासा

समुद्रमंथनाच्या वेळी आमचे शेजारी तांडेल हजर असते, तर अमृताच्या रांगेतली आपली जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली असती, आधी हलाहलात बोट बुडवून ते चाखलं असतं आणि "वाईच कोकम कमी पडलाय" असं म्हणून परत चुलीवर ठेवायला लावलं असतं. देवदानवांना त्यांचं ऐकावंच लागलं असतं, कारण समुद्रातून काय बाहेर येतं आणि त्याचं पुढे काय करायचं, या विषयात आमच्या वाडीत तरी तांडेलांचा शब्द शेवटचा मानतात. खाण्याच्या बाबतीत इतका निर्भय माणूस मी पाहिलेला नाही. इतर बाबतींत ते यथास्थित घाबरतात. पालीला घाबरतात, इंजेक्शनला घाबरतात आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, तर सगळी वाडीच घाबरते. पण ताटात काही अनोळखी पडलं, की या गृहस्थांची मांडी आपोआप घट्ट होते, बाह्या वर सरकतात आणि आता समोरच्या पदार्थाची धडगत नाही हे बघणाऱ्याला कळून चुकतं.

तांडेल हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा आहे. ज्याच्या सांगण्यावरून जाळं पाण्यात पडतं आणि ज्याच्या सांगण्यावरून ते वर येतं, अशा बोटीच्या प्रमुखाला आमच्याकडे तांडेल म्हणतात. आता बोटीवर मुलगा जातो, गुडघ्यांनी यांना घरी बसवलं, पण हुद्दा काही सुटला नाही. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वाडी आहे आणि त्यांच्या-माझ्या घरांच्या मध्ये एक चिऱ्यांचा गडगा आहे. त्या गडग्यावर हात टेकून आम्ही दोघांनी रोज सकाळी इतक्या गप्पा मारल्या आहेत, की वरचे दोन चिरे गुळगुळीत झाले आहेत. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मासे मी खातो, पण ओळखीचे. बांगडा, सुरमई, पापलेट यांच्यापलीकडे ओळखी वाढवाव्यात असं मला कधी वाटलं नाही. प्रवासाला निघालो, की बायको दशम्या, चिवडा आणि मेतकुटाची बाटली बांधून देते आणि गाडी सावर्ड्याला पोचायच्या आत तो डबा मी उघडलेला असतो. अशा माणसाला तांडेलांनी कायमचा सहप्रवासी म्हणून का निवडलं, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. शेवटी एकदा विचारलंच. तेव्हा ते अगदी सरळपणे म्हणाले, "तुमच्या वाटणीचा पन मलाच गावतो ना, भाऊ!"

प्रवासाचं वेड त्यांना गुडघे गेल्यावर लागलं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी सुरू झाली, बोट किनाऱ्याला ओढली आणि मुलगा घरी आला, की यांचा पाय घरात ठरत नाही. "जन्मभर किनारा बघितला, भाऊ, पन पान्यातनं," ते मला म्हणाले होते. "गुजरात बघितला, कारवार बघितला, सगळा लांबनं, दिव्यांचा. आता वाईच आत शिरून बघूया, लोक जेवतात काय ते." आणि खरोखर ते तेवढंच बघतात. सहलीतली बाकीची मंडळी किल्ल्यांपुढे, धबधब्यांपुढे उभी राहून फोटो काढत असतात तेव्हा तांडेल कुठल्या तरी बोळातून धूर येतो आहे का, याचा अंदाज घेत उभे असतात. राजवाड्यात गेले तर मुदपाकखाना कुठे होता ते विचारतात. एकदा एका प्रसिद्ध लेण्यात गाइड तासभर शिल्पं समजावून सांगत होता. सगळं ऐकून घेऊन तांडेलांनी त्याला एकच शंका विचारली, की एवढे कारागीर इथे वर्षानुवर्षं खपत होते, तर त्यांच्या जेवणाची सोय काय होती. गाइडला ते सांगता आलं नाही आणि तांडेलांच्या लेखी ते लेणं तिथेच अपुरं राहिलं.

त्यांचे खाण्याचे नियम बोटीवर तयार झालेले आहेत. पहिला नियम असा, की समोर आलेल्या पदार्थाचं नाव खाण्याआधी विचारायचं नाही, कारण नाव ऐकलं की जीभ घाबरते. दुसरा नियम, ताट पुढे सरकवायचं नाही. भर दर्यात बोटीवरच्या स्वयंपाक्याने जे शिजवलं असेल ते सगळ्यांनी खायचं, मग ते खारट असो, करपलेलं असो की कच्चं असो. ज्या खलाशाने ताट सरकवलं, तो पुढच्या फेरीला तांडेलांच्या बोटीवर नसायचा. "बोटीवर ताट सरकवला म्हंजे शिजवनाऱ्याला समुद्रात ढकलला," असं ते म्हणत. हा कायदा त्यांनी जमिनीवरही तसाच लागू केला आणि आमच्या सहलीच्या मॅनेजरला त्याचा पहिला फटका बसला. तो बिचारा लांब लांबच्या मुलुखात पुरणपोळी आणि अळूवडी घडवून आणायचा आणि लोकांनी आपल्याला डोक्यावर घ्यावं अशी त्याची रास्त अपेक्षा असायची. तांडेल त्याची पुरणपोळी शेवटच्या कणापर्यंत खायचे आणि मग त्याला बाजूला घेऊन, गावातली माणसं कुठे जेवतात, ते विचारायचे.

ईशान्येकडच्या एका बाजारात एक बाई मोठ्या तव्यावर काही तरी परतत बसली होती. ते काय आहे ते मी पाहिलं आणि बसच्या मागे जाऊन मेतकुटाच्या बाटलीचं झाकण उघडलं. रेशमाचे किडे होते ते. तांडेल मात्र त्या बाईसमोर उकिडवे बसले, द्रोण घेतला आणि शेंगदाणे खावेत तसे एकेक तोंडात टाकू लागले. आमच्या सहलीतल्या दोन बायकांनी तोंडं फिरवली. एका गृहस्थांनी हे शूटिंग करून आपल्या नातवाला पाठवलं. तांडेलांनी द्रोण संपवला, दुसरा घेतला आणि मला दिलासा दिला, "घाबरू नका हो, भाऊ. कोलंबीची चुलत भावंडं हायत ही. फक्त झाडावर ऱ्हायली." त्या बाईची भाषा यांना येत नव्हती आणि यांची तिला येत नव्हती, तरी अर्ध्या तासाने ती त्यांना तवा कसा तापवायचा ते हाताने दाखवत होती आणि तांडेल त्यात लसूण घालायचा आग्रह धरून बसले होते. लडाखात त्यांनी लोणी आणि मीठ घातलेला चहा वाडगाभर प्यायला आणि मिटक्या मारत, हा चहा नव्हे, कढी आहे, असा निर्वाळा दिला. गुजरातेत वरणात गूळ लागल्यावर वाढणाऱ्या मुलाला त्यांनी अतिशय मायेने विचारलं, "आज काय डाळीचा वाढदिवस हाय काय?" आणि मग आणखी दोन वाट्या डाळ घेऊन तिचा वाढदिवस साजरा केला.

बस्तरमध्ये त्यांना लाल मुंग्यांची चटणी मिळाली. ती मात्र त्यांच्या डोक्यात बसली. चटणी आंबट होती आणि आंबटपणावर त्यांचा जीव. रत्नागिरीला परत आल्यावर, आपल्या कलमांवर या मुंग्या फुकट फिरतायत आणि आपण मात्र चिंचेला पैसे मोजतोय, या विचाराने त्यांना चैन पडेना. एका सकाळी काकू बाजारात गेल्याचं बघून त्यांनी शिडी लावली. दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढले आणि मुंग्यांनी घरटं केलेला पानांचा एक गुंडाळा तोडून टोपलीत टाकला. मुंग्यांना हा बेत अर्थातच पसंत पडला नाही. मी गडग्यापाशी आलो तेव्हा तांडेल अंगणात नाचत होते आणि काकू बाजारातून परत येऊन त्यांच्या अंगावर नळी धरून उभ्या होत्या. "म्हातारपनी मुंग्या खायाचे डोहाळे लागले!" असं म्हणत त्या पाण्याचा जोर वाढवत होत्या. पण तांडेलांनी टोपली सोडली नव्हती. दुपारी त्यांनी पाट्यावर ती चटणी वाटली, भाकरीवर घेतली आणि सुजलेल्या ओठांनी खाऊन दाखवली. काकूंनी ना ती चाखली, ना तो पाटा पुन्हा घरात घेतला.

काकूंचं या बाबतीत सगळं उलट. त्या बुरोंडीच्या. सासरी आल्यावर इथलं जेवणसुद्धा अंगवळणी पडायला आपल्याला वर्ष लागलं, असं त्या सांगतात, आणि दापोलीची किनारपट्टी ती काय, रत्नागिरीची काय, असं म्हणायची आमची कुणाची हिंमत नाही. नवऱ्याबरोबर त्या एकदाच सहलीला आल्या आणि सगळे दिवस स्वतः नेलेल्या तांदळाची पेज स्वतःच्या स्टोव्हवर करून प्यायल्या. "माझी जीभ घरची हाय, ती घरीच बरी," असं सांगून त्यांनी तो विषय मिटवला. तांडेल त्यांना चिडवायचे. वाडीतल्या मंडळींसमोर आपल्या दिग्विजयाचं वर्णन करताना, "आनि आमच्या घरात बघा, पेजेच्या पलीकडे मुलूखच नाय!" असं म्हणून ते काकूंकडे बघत. अशाच एका बैठकीत त्यांनी, जगात आता आपल्याला खाता येणार नाही असं काही शिल्लक राहिलेलं नाही, असं जाहीर करून टाकलं. कुणी विरोध केला नाही. पुरावे आम्ही सगळ्यांनी पाहिलेच होते.

त्यानंतर त्यांच्या सायलीने पुण्याहून फोन करून सांगितलं, की तिला तिच्या ऑफिसातल्या एका बंगाली मुलाशी लग्न करायचं आहे. सायली ही तांडेलांची लाडकी लेक. नोकरीसाठी पुण्यात राहणारी, बापासारखीच हसरी आणि आईसारखीच ठाम. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, एवढ्या लांब मुलगी द्यायची म्हणजे काय, असं विचारलं. तांडेलांनी एकच प्रश्न विचारला, "मासे खातात ना?" खातात, रोज खातात, दोन्ही वेळा खातात, असं सायलीने सांगितल्यावर त्यांच्या दृष्टीने पत्रिका जुळली. अडचण पलीकडे होती. मुलाचे वडील मवाळ होते, पण आईच्या मनात ही सून नव्हती. समुद्रापलीकडून यावी तशी ही लांबची मुलगी आपल्या घरात रुळेल कशी, आपलं अन्न तरी तिच्या गळी उतरेल का, ही त्या बाईंची काळजी. त्यांनी होय म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. मुलीच्या आईवडिलांना घेऊन जेवायला या, एवढंच म्हटलं होतं. सायली फोनवर बापाला सांगत होती, "बाबा, त्यांच्याकडे जेवणावरून माणूस ओळखतात. तुमचं जेवणं त्यांना आवडलं तर सगळं ठरेल. नाहीतर तो आईचं मन मोडून लग्न करणार नाही, आणि मीही त्याला करू देणार नाही." तांडेल हसले. जेवणाची परीक्षा आणि तीही माशांची! त्यांनी मला गडग्यावरूनच सांगितलं, "चला भाऊ, हिंदी बोलायला कुनीतरी लागंल. आनि जेवायचा काय, ता मी बघतो."

कलकत्त्याजवळ मुलाच्या घरी काकू धरून आम्ही तिघं गेलो तेव्हा तांडेलांच्या हातात एक मोठी पिशवी होती. काकूंनी स्वतः उन्हात वाळवलेले बोंबील, सोडे आणि सुकट, सगळं निवडून निवडून भरलेलं. आमच्याकडे यापेक्षा मोठा आहेर नाही. मुलाच्या आईने ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली, हसून मान लववली आणि त्या झपझप आत गेल्या. मग पंगत बसली. सायली आणि तो मुलगा समोर, दोघांचे चेहरे निकालाच्या दिवसासारखे. त्या बाई स्वतः वाढत होत्या आणि तांडेल जिंकत चालले होते. आधी कडू भाजी आली. जेवणाची सुरुवात कडवट करतात हे कळल्यावर ते खूश झाले आणि दोनदा मागून घेतली. मोहरीतला मासा आला. मोहरी त्यांच्या नाकात चढली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तशा रडक्या डोळ्यांनी हसत त्यांनी वाटी पुसून खाल्ली. त्या बाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होत होती. सायलीने माझ्याकडे बघून श्वास सोडला. आणि मग बाईंनी खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं पातेलं आणलं, झाकण काढलं आणि मऊसर पांढऱ्या रश्शातला रोहूचा भलामोठा तुकडा तांडेलांच्या ताटात वाढला.

तांडेलांनी घास उचलला. तो नाकापाशी गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. मला हळूच विचारलं, "भाऊ, ह्यात काय घातलाय?" मी चाखून म्हणालो, "दही." त्यांचा चेहरा उतरला. आमच्याकडे मासा आणि दूधदुभतं एका दिवशी पोटात जाऊ देत नाहीत, मग एका पातेल्यात शिजवणं तर सोडाच. मासे खाऊन दूध प्यायला तर अंगावर डाग उठतात, हे प्रत्येक आईने प्रत्येक पोराला सांगितलेलं असतं, आणि तांडेलांच्या आईने ते बहुधा पाठीत धपाटा घालून सांगितलं असावं. किडे आणि मुंग्या त्यांना परक्या होत्या, त्यांच्याबद्दल कुणी कधी काही शिकवलंच नव्हतं, म्हणून त्या सहज आत गेल्या. मासा घरचा होता आणि तो असा भलत्याच वेशात समोर आला होता. त्यांनी डोळे मिटले, घास ओठांना लावला, परत खाली आणला, पुन्हा उचलला. सगळं घर त्यांच्या हाताकडे बघत होतं. अखेर त्यांनी घास ताटात ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"दीदी," ते म्हणाले, "हम किडा खाया. मुंगी खाया. पर ये हमसे नहीं होयेगा."

यात त्यांना आपली शरणागती सांगायची होती. ऐकणाऱ्यांना मात्र एवढंच कळलं, की हा माणूस किडेमुंग्या खातो, पण आमचा मासा खात नाही. बाईंच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला. मुलाचे वडील खाकरले. सायलीच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि मी माझ्या बँकेतल्या हिंदीत काही तरी सावरून घ्यायचा प्रयत्न करू लागलो, त्याने प्रकरण आणखीच बिघडलं. तांडेल बिचारे कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही म्हणून खिडकीबाहेर बघायला लागले. आणि बघता बघता त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. बघतो तर ते हसत होते. परसातल्या पेरूच्या झाडाला, घरापासून जमेल तेवढ्या लांबच्या फांदीला, एक गाठोडं टांगलेलं होतं. प्लास्टिकमध्ये प्लास्टिक, त्यावर आणखी एक प्लास्टिक, आणि भोवती कावळ्यांची सभा. आतली पिशवी आमची होती.

"दीदी," तांडेल कसेबसे म्हणाले, "हमारा बोंबील झाड पे?"

बाई लाजेने लाल झाल्या. समुद्राचा मासाच मुळात त्यांच्या घरात येत नव्हता, आणि हा तर सुकवलेला. वास सोसवेना, पाहुण्यांचा आहेर टाकवेना, म्हणून त्यांनी तो झाडाला बांधला होता. आधी त्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या, मग त्यांनी तांडेलांकडे बघितलं, मग ताटातल्या दह्यातल्या माशाकडे बघितलं, आणि जो हसायचा लोट फुटला त्यात त्यांना शेवटी खाली बसावं लागलं. तांडेल मांडीवर हात मारून हसत होते. "तुमचा हमारे ताट में, हमारा तुमारे झाड पे!" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि दरवेळी बाईंना नव्याने उबळ येत होती. मुलगा सायलीला काय झालं ते विचारत होता आणि सायली एकाच वेळी हसत आणि रडत होती. या सगळ्या गोंधळात माझं लक्ष काकूंच्या ताटाकडे गेलं. ते स्वच्छ होतं. ज्या बाईने बुरोंडीहून रत्नागिरीला आल्यावर वर्षभर कुरकुर केली, जिने सहलीत पेजेशिवाय काही तोंडात घातलं नाही, तिने दह्यातला मासा निपटून काट्यांची बाजूला रांग लावून ठेवली होती.

बाईंनी मग तांडेलांच्या ताटातला तुकडा उचलून घेतला आणि आत जाऊन रोहूची मुंडी तळून आणली. फक्त हळद आणि मीठ लावलेली. ती त्यांच्यासमोर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडं आव्हान होतं. नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो असं तांडेलांचं आयुष्यभराचं मत होतं आणि ते त्यांनी त्या दिवशी कुणालाही कळू दिलं नाही. बाह्या वर गेल्या. माशाची मुंडी कशी खावी हे बघायचं असेल तर ते तांडेलांकडे बघावं. त्यांनी गाल सोडवले, डोळे काढले, हाडाच्या फटीफटीतून गर ओढून घेतला, कवटीची प्रत्येक खोली उघडून पाहिली आणि शेवटी ताटात उरली ती नुसती पांढरी स्वच्छ हाडं. बाई समोर बसून गालावर हात ठेवून ते बघत होत्या. आपल्या हातच्या माशाला त्यांनी इतका मान मिळालेला फार दिवसांत पाहिला नसावा. तांडेलांनी बोट चाटलं तेव्हा त्या सायलीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "शादी रत्नागिरी में होगी न? हमको आपका समुद्र देखना है।" काकूंनी तिथल्या तिथे हात जोडले.

परतीच्या गाडीत जगज्जेत्याच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. शेवटी त्यांनी काकूंना विचारलं, "तू गो कसा काय खाल्लास तो?" काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "डोळं मिटलं नि गिळला. तुमच्यासारखी चव बघत बसले नाय. लेकीचं लगीन होतं ता." तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. नंतर त्यांनी काकूंसाठी स्टेशनावरून चहा आणला, आणि पेजेच्या मुलखाबद्दल ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत.

लग्न आमच्या वाडीत झालं आणि त्यात तांडेलांनी जे केलं ते वाडी अजून विसरलेली नाही. पाहुण्यांना समुद्राचा मासा चालणार नाही म्हणून ते स्वतः पहाटे उठून गेले आणि कुठल्याशा धरणातले रोहू घेऊन आले. तांडेलाच्या घरात नदीचा मासा! टोपलीवर वर्तमानपत्र, त्यावर केळीचं पान आणि त्यावर आपला पंचा घालून ते सगळ्या होड्यांसमोरून मान खाली घालून चालले होते. तरी ते कुणीतरी ओळखलंच. "तांडेल, रिटायर झालाव तो एकदम तळ्यावर?" असा आवाज आला. तांडेलांनी मान वर केली आणि ओरडून सांगितलं, "माझ्या विहीणबाईंचा मासा हाय हा! कोन हसतो त्यानं पुढं यावा!" कुणी पुढे आलं नाही. विहीणबाई मात्र आमच्या जेट्टीवर जाऊन आल्या होत्या. चांदीच्या परातीसारखी पापलेटं, हातभर सुरमया आणि लिलावाचा आरडाओरडा बघून त्यांचा निश्चय डळमळला होता. पंगतीत त्यांनी रोहूची वाटी अदबीने बाजूला ठेवली आणि सुरमईचा तुकडा मागितला. पहिला घास त्यांनी औषध घ्यावं तसा घेतला. दुसरा जरा सावकाश. तिसऱ्या तुकड्याला त्या काकूंना मसाला विचारत होत्या. मांडवात तांडेल एवढ्या मोठ्याने हसले, की वाजंत्रीवाले थांबले.

सायली आता कलकत्त्यालाच असते. दोघांनी तिकडे बदली घेतली. तांडेल अजून माझ्याबरोबर सहलींना येतात, नाव न विचारता खातात, पण वर्षातून एकदा कलकत्त्याला जाऊन विहीणबाईंच्या हातची तळलेली मुंडी खाणं हे त्यांचं पक्कं झालं आहे. आणि रोज संध्याकाळी सायलीचा फोन येतो. त्यात हवापाणी वगैरे काही नसतं. तांडेल फक्त विचारतात, "आज काय जेवलीस गो?" आणि ती सांगते ते सगळं ऐकून घेतात, मधे मधे हुंकार देत.

परवा मी त्यांच्या पडवीत बसलो होतो तेव्हा असाच फोन आला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता. सायली सांगत होती, "बाबा, आज मीच दह्यातला मासा केला. आई म्हणाल्या, त्यांच्यापेक्षा चांगला झाला. मी तर दोनदा घेतला." आई म्हणजे तिची सासू. तांडेल म्हणाले, "झाला ना चांगला? मग पोटभर खा." फोन ठेवला.

"तिला आवडायला लागला, भाऊ," ते म्हणाले.

आनंदच झाला होता त्यांना, तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. लेक त्या घरची झाली होती, आणि एवढ्यासाठीच तर आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. पण आतून काकूंनी जेवायला दोनदा हाक मारली, तरी ते लगेच उठले नाहीत.